रुमालाखालची बोटं

रुद्राप्पा उमराणींची रोजकीर्द अजून माझ्यापाशी आहे,
लाल कापडाची, कडेला कसर लागलेली.
अक्षर माझं, आकडे त्यांचे.
चाळीस वर्षं मी त्यांचा दिवाणजी.

पहिली पानं कापसाची.
तिकडं अमेरिकेत भाऊ भावावर बंदूक रोखून उभा राहिला
आणि इकडं कापूस सोन्याच्या भावाला जाऊन टेकला.
लढाई संपल्याचं सांगलीला कळलं तेव्हा
शेट जेवले नाहीत.
सकाळी म्हणाले, हळद घ्या.
हळदीला परमुलखातली लढाई लागत नाही,
लग्न लागलं की झालं.

हरिपुरात पेवं घेतली.
वीस हात खोल, तोंड खांद्याएवढं.
पेव उघडलं की शेट आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, तर सातू हमालानं उतरायचं नाही,
गिऱ्हाईक दारात खोळंबलं तरी.
(हे त्यांच्या बाजूचं. लिहून ठेवतो.)

सौदा रुमालाखाली.
वर पीकपाण्याच्या गप्पा,
खाली बोटं बोटांना भाव सांगायची.

मग शेट नगरपालिकेत गेले.
लांब टेबल, चौदा खुर्च्या, भिंतीवर सरकारांची तसबीर.
नदीकडच्या वस्तीत विहीर, की पेठेत फरसबंदी?
अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत, म्हणाले अध्यक्ष.
शेटांनी उपरणं पुढं ओढलं
आणि शेजाऱ्याची बोटं चाचपली.
जुनी खोड म्हणून गाव महिनाभर हसलं.
मी हसलो नाही.
त्या रात्री मीच लिहिलं होतं :
किरकोळ खर्च, दोनशे.

फरसबंदी झाली. छान झाली.
उन्हाळ्यात नदीकडं पटकी आली.
ज्याला पेवात कधी मरू दिलं नाही
तो सातू डबक्याच्या पाण्यानं गेला,
त्याच्यामागं बायको, चौथ्या दिवशी.

शेट दुकानात आले, जोडा न काढता.
ते दोनशे कुठं टाकलेत?
किरकोळीत.
खोडू नका, म्हणाले. राहू दे.

पुढच्या सभेत विषय वाचून व्हायच्या आधीच
त्यांनी हात वर केला,
उपरणं खांद्यावर, बोटं फाकलेली,
नखं पिवळी.
कारकुनानं मोजलं :
एक.

विहीर झाली, सहा वर्षांनी,
दुसऱ्याच कुणाच्या नावानं.
पाणी जरा मचूळ आहे म्हणतात.
मी काही चाखलेलं नाही.