पायी येण्यास मनाई

गेटवरच्या पोरानं आधार कार्ड मागितलं.
दिलं. नाव वाचलं त्यानं, पुढं काही झालं नाही.
मागं भिंतीवर पाटी: पायी येण्यास मनाई.
वाक्य माझंच आहे. परिच्छेद एकोणीस,
नागपूरला एका दमट दुपारी टंकलेखकाला सांगितलेलं,
दोनदा खोडून.

तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.
शनिवारी कोर्ट उठलं की काळा कोट मुनशीकडे टाकायचा,
रात्रीची एसटी, फाट्यावर उतरायचं
आणि उजाडेतो पिपरधऱ्याच्या नाल्यात.
चिन्ना कुळमेथे पुढं, मी मागं.
त्यानं शिकवलं:
ठशात पाणी अजून झिरपत असेल तर बोलायचं नाही.
येनाच्या खोडाला फुगवटा दिसला
की कुऱ्हाडीचा एकच घाव, आणि ओंजळ धर.
तुरट पाणी.
नंतर कुठलंच पाणी तसं लागलं नाही.

याचिकेत मी झाडं मोजली, पाणवठे मोजले,
बुद्धपौर्णिमेला मचाणावर जागून चितळ मोजले,
ठेकेदाराच्या ट्रकांचे नंबर बिडीच्या पाकिटावर लिहिले.
ते पाकीट अजून दाखल आहे, निशाणी क्रमांकासकट.
अकरा वर्षं. फी घेतली नाही.
एकदा चिन्नानं चारोळीचं गाठोडं टेबलावर ठेवलं,
ते घेतलं.

जिंकलो. पेपरात फोटो आला.
ट्रक थांबले, आरागिरणी गंजली,
वाघीण परतली, सोबत तीन पिल्लं.
हे खरं आहे. यातलं मी काही कमी करू देणार नाही.

पण परिच्छेद एकोणीस.
'मानवी वावर' एवढंच लिहिलं होतं मी,
डोळ्यांपुढं ठेकेदाराचे बूट होते.
साहेबांनी त्यात पिपरधऱ्याची बेचाळीस घरं वाचली.

चिन्ना आता डांबरी रस्त्याला लागून राहतो,
खोली नंबर सतरा. अंगणात मोह नाही.
बोलला नाही काही. सुनेला चहा ठेवायला लावला.
मग इतकंच: "वकीलसाब, तो येन हाये का गा अजून?"
म्हटलं, बघून सांगतो.

म्हणून आज तिकीट काढलं.
जिप्सीत शेजारी एक मुलगी, मोबाइलमध्ये वाघ शोधणारी.
नाला आला. म्हटलं, इथं थांबव.
"काका, उतरता येत नाही."
माहीत आहे, म्हटलं.

लांबून एक येन दिसला, सुसरीच्या पाठीसारखी साल.
फुगवटा होता की माझा मोतीबिंदू,
शपथेवर सांगता येणार नाही.

परतीच्या रस्त्यावर सतरा नंबरची खोली लागते.
ती यायच्या आत
मनातल्या मनात मी पुढची तारीख मागतो आहे.