कुत्रं भुंकलं नाही

किह्नू बेटावर उतरले तेव्हा
होडी धक्क्याला लागायच्या आत
एक काळं कुत्रं भुंकलं माझ्यावर.
साल त्र्याऐंशी. वहीतली पहिली नोंद तीच:
कुत्रं भुंकलं, म्हणजे मी आले.

पुढचं सगळं रीतसर.
लेम्बी म्हातारीनं बटाटे सोलायला बसवलं,
माझी सालं जाड निघतात म्हणून हसली,
आणि त्या हसण्याच्या फटीतून आत घेतलं.
चौदा महिने. बहात्तर चुली.
कोण कुणाची चुलत, कुणाचं जाळं कुणाकडे गहाण,
एका कागदावर मावलं.

आता तार्तूत तिसऱ्या मजल्यावर,
बाहेर उणे अठरा, गुडघ्यांवर शाल,
मी एका गावात शिरते आहे
जिथं या घडीला नऊ लाख माणसं आहेत
आणि कुत्रं एकही नाही.

खेळच तो.
लोक बेटं बांधतात, बुडवतात, लग्नं लावतात,
मेलेल्या मित्राचं घर तसंच ठेवून
त्याच्या दारातला दिवा रोज लावतात.
आणि दर मंगळवारी कंपनी जग बदलते.
सोमवारी बाजार होता तिथं पाणी.

आधी नकाशा काढा,
असं तीस वर्षं शिकवलं पोरांना.
काढला. मंगळवार आला.
पुन्हा काढला.
तिसऱ्यांदा पेन्सिल नुसतीच टोकदार केली.

ऊकू म्हणाला, बाई, यंत्राला सांगू.
यंत्रानं रात्रीत गोळा केल्या चाळीस लाख ओळी.
शितावरून भाताची परीक्षा, ठीक,
पण इथं भात शिजतोच आहे अजून
आणि पातेलंही बदलतं आहे.

म्हणून एकच जागा धरली.
एक पूल. तो ओलांडताना
पलीकडचं जग उघडायला अकरा सेकंद लागतात,
आणि माणसं नाइलाजानं उभी राहतात.
पाणवठ्यावर काय होतं दुसरं?
घागर भरेपर्यंतचा वेळ.

मी ओरडून सांगायचे, मी इथं लिहून घेते हं.
अकरा सेकंदांनी ऐकणारे गेलेले,
नवे आलेले.
परत सांगायचे.
फेरीवाल्यासारखा घसा बसला बोटांचा.

तिथंच भेटला ओला-चिमटा.
तीन वाजून दहा मिनिटांनी तो दगड व्हायचा,
बरोबर बारा मिनिटं.
महिनाभर मी त्यात संकेत शोधले, विधी शोधले.
मग त्यानं सांगितलं:
ग्दिनियात बेकरीत रात्रपाळी,
तेवढ्यात पाव बाहेर काढतो.

तू का उभी असतेस रोज? त्यानं विचारलं.
लिहिते.
काय?
लोक थांबतात कसे ते.
बराच वेळ काही नाही. मग,
माझं नाव नको लिहू.
अरे, तुझं नाव मला कुठं माहीत आहे?
हेच की. ओला-चिमटा.
बेकरीतलं नाव खुशाल लिही,
ते तिथं आणखी दोघांचं आहे.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.
खरी नावं झाकायला खोटी नावं द्यायची,
एवढंच तर शिकले होते.
(लेम्बी हेही तिचं नाव नव्हे.)
इथं जे मला झाकण वाटलं
तीच त्याची कातडी.
तेव्हा वर जे लिहिलं, ओला-चिमटा,
तेही धरून चालू नका.

मग एका मंगळवारी
कंपनीनं कौतुकानं जाहीर केलं:
आता पुलावर थांबावं लागणार नाही.
अकराचा एक सेकंद केला.

पूल ओस.
माणसं वाऱ्यासारखी अंगावरून जात होती.
माझी पद्धत, माझा पाणवठा, सात महिने.
मी तशीच उभी,
उठून जायचं कुठं हे न कळून.

तीन वाजून दहा मिनिटांनी तो आला.
थांबायचं काही कारण नव्हतं. थांबला.
पाव जळेल, मी लिहिलं.
जळू दे एखादा.
त्याला कधीतरी ते काळं कुत्रं सांगितलं होतं मी.
कर्सर लुकलुकत राहिला, आणि मग:

भो.

वही ओढली, वेळ टाकली, तीन दहा.
खोडली.
भट्टी तिकडं एक तास मागं आहे.
दोन दहा?
दोन्ही वेळा लिहून ठेवल्या आहेत.