डुगडुग

बुशहरला, बर्फाच्या कारखान्यामागं, नाटक.
मला फारसी येते ती लाकडाचा भाव करण्यापुरती,
पण सिंहासन मीच ठोकलंय
फुटक्या गलबताच्या सागवानाचं.
एक पाय आखूड राहिला. कुणाला बोललो नाही.

पहिल्या अंकात मोराद बसतो, उत्तरेकडून आलेला जेता.
पहाटे तंदुरात हात घालणारा,
मनगटावर अजून पीठ.
आरोळी ठोकतो, आणि सिंहासन
तिळाएवढं हलतं.
तो थबकतो. पुढचं वाक्य हळू म्हणतो.
लोकांना वाटतं, काय धाक!

मग सियामक, जकातीतला कारकून,
त्याला कापून पायऱ्या चढतो.
तोही आधी हात टेकवून बघतो,
माझी आई परक्या ओट्यावर बसायची तसा.
मेलेला मोराद एक डोळा किलकिला करून
त्या पायाकडे बघत होता.

मध्यंतरात पाचर मारता आली असती.
खिशातच होती.
चहा प्यायलो.

तिसऱ्याचे घोडे जवळ आले,
पत्र्यावर करवंट्या, देवगडहून मी आणलेल्या,
आणि सगळे ओरडत होते, ऊठ, पळ,
पण सियामक उठेना.
दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता,
बहुतेक
पडू नये म्हणून.