बोट येईपर्यंत

प्रार्थनेत मला 'बेट' हा शब्द मिळाला.
मिळाला म्हणजे ऐकू आला असं नाही,
घासात केस सापडावा तसा सापडला,
आणि मग दुसरं काही गिळताच येईना.

पाळक उजगरे म्हणाले, "पक्कं?"
मी म्हटलं, "पक्कं."
बाकीची मंडळी जीपनं दक्षिणेला गेली, विहीर खणायला,
आणि मी तीनशे बारा चष्म्यांची पेटी घेऊन
मलावीच्या सरोवराकाठी उतरले,
एकटी.

बोट मंगळवारी येते.
मंगळवारी आली नाही.
तिकिटाच्या जाळीआडून लिम्बानी म्हणाला, "दिकिरानी."
चिचेवातला मी शिकलेला पहिला शब्द : थांबा.
बुधवारीही तोच शब्द,
फक्त त्यानं दाढी केली होती.

ऐकावं जनाचं, करावं मनाचं.
पण तिसऱ्याचंच ऐकायचं ठरवलं तर?
आणि तो तिसरा पत्ता सांगून
वाटेतच गप्प झाला तर?
ज्याचं बोट धरून निघाले
त्याची बोट काही येईना.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत पाल चुकचुकली.
इथल्या पालीला आपल्याकडचा अर्थ ठाऊक नसणार.
तरी माझी बोटं सवयीनं फरशीवर टेकली,
मग ओशाळून मी तीच बोटं जोडली,
आणि काय मागायचं होतं ते विसरले.

काठावर बायका उसिपा वाळवत होत्या,
बोटभर मासे, बोरूच्या मांडवांवर,
सगळं सरोवर जणू चांदीचे चमचे करून पसरलेलं.
ताडालानं मला मासे उलथायला लावलं.
कावळे हाकलायचं कामही माझंच.
शेजारी आगोगो कापालामुला
जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून
फाटलेलं सांधत बसायचे,
बोटांनी चाचपत, गाठ चुकवत,
सोडवत, पुन्हा चुकवत.

त्यांनी विचारलं, कुठं चाललीस?
ताडालानं अर्थ सांगितला.
मी म्हटलं, बेटावर. देवानं सांगितलंय.
ते हसले नाहीत.
सुई दातांत धरून बराच वेळ विचार करून म्हणाले,
"पोचायला सांगितलंय, की निघायला?"

मला उत्तर आलं नाही.
आणि तेव्हा लक्षात आलं मी कशावर बसलेय ते.
दोन दिवस.
पेटी बेटासाठी होती, यादी बेटाची होती,
वर चिकटपट्टी होती, मंडळीचा शिक्का होता,
आणि मी तिच्यावर आरामात बसून
एका म्हाताऱ्याच्या चुकणाऱ्या गाठी बघत होते.

नखानं पट्टी उकरली.
अडीच नंबर.
आगोगोंनी जाळ्याकडे पाहिलंच नाही.
आधी स्वतःची नखं पाहिली, दोन्ही हातांची,
मग माझ्याकडे वळले, नीट निरखून म्हणाले,
"मला वाटलं होतं तू पोरगी आहेस."
बायका मांडवाला धरून हसल्या.

अंधार पडेपर्यंत एकशे एक्केचाळीस गेले.
शेवटचा लिम्बानीला.
तो चष्मा घालून आपल्याच भिंतीवरच्या पाटीपुढं उभा राहिला
आणि मोठ्यानं वाचू लागला, शाळेतल्यासारखा :
मार्चपासून बोट शनिवारी सुटेल.
पुन्हा वाचलं.
मग माझ्याकडे बघून, अगदी हळू,
"दिकिरानी."

आता यात देव कुठला आणि
लिम्बानीचे डोळे कुठले,
उजगरेंना पत्रात काय लिहू?
दोन कागद फाडले.
तिसऱ्यावर फक्त आकडा लिहिला.

शनिवारी भोंगा वाजला.
बेटावर माझी कुणी वाट बघत नव्हतं,
निदान धक्क्यावर तरी नाही.
पण ते नंतरचं.
बोटीत चढताना बोटांना मासळीचा वास होता
आणि एक खवला, अंगठ्याच्या नखापाशी,
उन्हात हलवला की लखलखायचा.
मी हात धुतले नाहीत.