डावीकडून तिसरा

माडीपुढच्या उघड्या गच्चीला कठडा आहे.
त्यातला डावीकडून तिसरा खांब हलतो
हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं,
देवघर कुठं आहे ते सांगायच्या आधी.

सासूबाई पाहुण्यांना तेलुगूत सांगायच्या,
अंबादास हातानं खूण करायचा,
मी चहाचा कप पुढं करत म्हणायची,
तिथं नको, इकडं टेका.
खांबाला टॉवेलच्या लाल किनारी बांधलेल्या,
कारखान्यातून आणलेल्या.
एक सैल पडली की तिच्यावर दुसरी.
खांब दिसेनासा झाला,
हलायचा थांबला नाही.

परवा शेजारच्या नरसूबाई बोद्धूलनी
ओली चादर त्याच्यावर टाकली.
एकच चादर. डबलबेडची.
अख्खा कठडा रस्त्याकडं वाकला,
खालून जाणाऱ्या कुणाला हाक मारायची असल्यासारखा.
चादर भाजीच्या गाड्यावर, शेपूवर जाऊन पडली.
भाजीवाला वर बघून जे बोलला ते राहू दे.

अंबादास म्हणाला, रविवारी बघू.
त्याचे रविवार मी मोजलेत.
मी दस्तगीरला बोलावलं.

छिन्नी, हातोडी, पाना, आणि खिशात शेंगा.
दात हलवून बघावा तसा त्यानं खांब हलवला.
"वर काय झालं नाही ताई. बुडाला बघा."
मी म्हटलं, भोवती सिमेंट थापून टाका की.
"तीनदा थापलंय," तो म्हणाला
आणि एकेक थर काढून माझ्यासमोर ठेवला.
हा सासऱ्यांचा. हा अंबादासचा, बोटं उमटलेला.
हा भाच्यानं दिवाळीत लावलेला एम-सील.
खाली कुणीच गेलं नव्हतं.

भर दुपारी, ओलं पोतं टाकून त्यावर बसून
तो छिन्नीचा आवाज बदलेपर्यंत खणत राहिला.
वरचे दोन नट काढले,
खांब उपटून आडवा केला,
आणि त्यातून पाणी आलं.

गंजाचं, तांबडं, गार.
तांब्याभर असेल. जास्तच.
आम्ही दोघं बघत राहिलो.
आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो.
पिंप, घागरी, टाकी, खाटेखालच्या बाटल्या,
घरात कुठं किती पाणी आहे
मी झोपेतही सांगेन.
हे भांडं माझ्या हिशोबात नव्हतं.

वरच्या टोपणाला नखाएवढी चीर होती.
तिथनं आत जायचं,
निघायला वाट नाही.
बसून बसून खांबाचं बूड खाल्लं त्यानं.

संध्याकाळी दस्तगीर खांबाला नवा पाय लावून घेऊन आला,
रंगाचा वास येत होता.
उभा केला, खडी ठोकून भरली, ओळंबा धरला.
बुडाशी सिमेंटला बाहेर उतार दिला.
मग त्याच नव्या पाईपला, सिमेंटच्या जरा वर,
बारीक भोक पाडलं.

"हे कशाला? चांगल्या खांबाला?"
"वरनं कितीबी बंद करा, थोडं जातंच आत.
जाऊ दे. निघायला दार पाहिजे."
सातशे घेतले.
भोकाचे पन्नास त्यातच धरले असणार.

जाताना म्हणाला, सात दिवस पाणी मारा, दोन वेळा.
सात दिवस! इथं!
मी त्याच लाल किनारी सोडल्या,
भांडी विसळलेल्या पाण्यात भिजवल्या
आणि खांबाच्या पायाशी गुंडाळल्या.
पाणी धरून ठेवायला त्या चांगल्या.
खांब धरायला उगाच लावल्या होत्या.

आठव्या दिवशी अंबादास चहा घेऊन गच्चीत आला
आणि सवयीनं चौथ्याला टेकला.
मी सांगितलं, तिसरा घट्ट आहे आता.
"हो की," म्हणाला,
आणि चौथ्यालाच टेकून चहा संपवला.

मी जाऊन उभी राहिले.
अकरा वर्षांत तिथनं खाली बघितलंच नव्हतं.
बोद्धूलांचं डाळिंब भिंतीच्या वर आलंय,
एका फांदीला कुणीतरी चिंधी बांधलीय.

तेवढ्यात नरसूबाई, खांद्यावर ओली चादर,
जिन्यातच थांबून विचारतात,
टाकू का?

टाका, म्हटलं.
बिनधास्त टाका.
आणि एक हात खांबावर ठेवला.