तारेला झोळ

झडीचा नववा दिवस.
रपट्यावर अर्धं चाक बुडेल एवढं पाणी.
स्कूटर मधोमध एकदा खोकली
आणि गप्प.

आधी डिकी उघडली.
अंगठ्याची मशीन कोरडी होती.
तीन पिशव्या, वर टॉवेल, वर पुन्हा पिशवी.
सतरा निराधारांची यादीही कोरडी, नोटाही.
स्कूटरीला मात्र मी आजवर
साधं गोणपाटही पांघरलं नव्हतं.

ढकलत नेली सुकरू कोडापेकडे.
त्याचं दुकान म्हणजे एसटीच्या जुन्या थांब्याची मागची भिंत
आणि चार टिना.
पूर्वी रेडिओ उघडायचा तो.
रेडिओ संपले, हात उरले.

त्यानं किक मारलीच नाही.
वाकून वास घेतला नुसता.
"पानी पेट्रोलात नाई, म्याडम. करंटात हाये."
प्लगची टोपी उपसून तळहातावर उलटी केली.
दोन थेंब.
मला वाटलं होतं, अख्खा तलाव आत शिरला असेल.

कॉइल त्यानं पार्बताच्या टपरीवर नेली,
चहाच्या गाळणीत ठेवली
आणि निखाऱ्यांपासून वीतभर उंच धरली,
तान्ह्याची दुपटी शेकावी तशी.
"माही गाळणी!" पार्बता ओरडली.
पण तिनंच दोन कोळसे पुढं सारले.

मग जोडांवरचा हिरवा कळक
सँडपेपरनं खरवडला.
वर व्हॅसलिन, बॅटरीच्या दोन्ही टोकांनाही.
मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
दोन बोटं रुंद, टोपीवर चढवला.
करिश्माची सायकल, शाळेनं दिलेली.
ती आता वर्ध्याला नर्सिंग शिकते.
कात्री लावण्याआधी
त्यानं ट्यूब एकदा उगाच पुसली.

मी म्हटलं, सगळंच गुंडाळा ना.
युरियाची पिशवी, वरून टेप,
हवासुद्धा जाणार नाही असं.
"हवा नाई गेली तं घाम कुठं जाईल?
बाहेरच्या पान्यानं कमी,
आतल्या वाफेनं जास्त गाड्या मरतात जी.
वरून झाका. खालून मोकळं सोडा."

मग तारेला बोट लावलं.
"हे अशी तानून कोनं बसवली?
पानी तारेवरून चालत येते
अन् सिधं घरात शिरते."
ती जराशी खाली सोडली, पाळण्याच्या दोरीसारखी.
"झोळ असला की पानी तिथंच गळते.
तारेला झोळ पायजे, म्याडम.
हिशेबाले नको."

माझ्याआधीच्या बँकमित्रानं या गावात
सहा जणांचे अंगठे दोनदा घेतले होते.
मी काही बोलले नाही.
सुकरूही पान्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात गयाबाई नन्नावरे आल्या,
रोवण्यातून थेट, पायाला बांधीचा चिखल.
तिथंच मशीन काढली.
लाल दिवा.
पुन्हा लाल.
अंगठा पांढरा, सुरकुतलेला,
रेषा चिखलात रोवून आल्यासारख्या.
"मशीन मले ओळखत नाई काऊन जी?"

सुकरूनं काही न बोलता
गाळणी बाजूला घेतली,
निखाऱ्यांवर जागा केली.
गयाबाईंनी अंगठा धरला,
फिरवला, केसांवर घासला, पुन्हा धरला.
पार्बता चहा ढवळायची थांबली.
चौथ्यांदा हिरवा.

पैसे मी दोनदा मोजले, मोठ्यानं.
पावती गयाबाईंनी पोलक्यात खोचली
आणि परत बांधीकडे निघाल्या.

सुकरूनं तीस रुपये घेतले.
ट्यूबचे घेईना.
दुसऱ्या किकला स्कूटर लागली.
रपट्यावर पाणी तेवढंच होतं,
म्हणून लांबच्या रस्त्यानं गेले.
सोळा अंगठे बाकी होते.

रात्री टॉर्च घेऊन अंगणात गेले.
खाली वाकून बघितलं.
तारेच्या झोळाच्या अगदी तळाशी
एक थेंब,
पडू की नको करत.
मी तशीच वाकून राहिले.

पडला.