मानस

चोडणच्या बांधावर पाण्याच्या दाराला
मानस म्हणतात.
चाळीस वर्षं त्याच्या फळ्या बाबाच्या हाती.
भरतीला मिटायच्या, ओहोटीला उचलायच्या.
घड्याळ नव्हतं, लागलंही नाही.

बांबोळीला त्याला भरती केलं तेव्हा
फॉर्मवर व्यवसाय विचारला होता.
मी लिहिलं, शेती.

डॉक्टर ब्रागांझा म्हणाली,
मोठ्या नळीतली गुठळी काढलीय,
वाट मोकळी आहे.
पण आत केसाहून बारीक वाटा असतात,
त्यांना कवळून बसलेल्या पेशी
प्राणवायू तुटला की आवळतात
आणि काही
आवळलेल्याच मरतात.
त्यांच्या मुठी सोडवायचं औषध
अजून आमच्याकडे नाही.

मला कळलं.
एका श्रावणात मानस उघडं, नदी ओसरलेली,
तरी कुष्टाच्या तुकड्यातलं पाणी हललं नाही.
रोपं कुजली.
आतली पोंय, चार बोटं रुंद,
कुर्ल्यांनी पोखरून ढासळलेली.
बाबा कमरेएवढ्या चिखलात
हातांनी गाळ उपसत होता
आणि शिव्या देत होता
कुर्ल्यांना, कुष्टाला, कंदील धरलेल्या मला.

शिव्या तेवढ्या शाबूत आहेत.
‘पाणी’ म्हणता येत नाही,
माझं नाव येत नाही,
पण सुई टोचली की अख्खी ओवी बाहेर पडते
आणि सिस्टर हसू दाबते.

पहाटे तीन वीसला डोळे उघडतो.
मी मोबाइलवर बघते:
मांडवीला ओहोटी लागलीय.
उजव्या मुठीत चादर.
एकेक बोट सोडवते.
करंगळी पुन्हा मिटते.
पुन्हा सोडवते.